कमी चाललेली जुनी गाडी: मऊ पेडल, डावीकडची ओढ आणि न विझणारा दिवा

प्रश्न थोडक्यात असा. २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, टॉप मॉडेल, एकच मालक, पुण्यातल्या सहकारनगरचे निवृत्त गृहस्थ, मीटरवर ३८ हजार. नुकतीच घेतलेली. तक्रारी पाच: ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, सातारा रस्त्यावर ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं आणि वाईत थोडं थांबून निघाल्यावर आपोआप ठीक झालं, एअरबॅगचा दिवा विझत नाही, टाकी फुल केली की सकाळी पेट्रोलचा वास येतो. मेकॅनिक म्हणतो, "गाडी चाललीच नाहीये, नुसतं ऑइल बदला." गाडी ठेवावी की विकावी?

खालचा पत्रा शाबूत असेल आणि गाडी पुरात बुडालेली नसेल, तर ठेवा. पण "चाललीच नाहीये" हे आधी डोक्यातून काढा. मीटर सांगतो ते पिस्टन, क्लच आणि गिअरबॉक्सचं वय. ब्रेक ऑइल, रबरी होस (नळ्या), सील, टायर, बेल्ट, बुश, कूलंट यांचं वय कॅलेंडर सांगतं. वर्षाला तीन हजार किमी म्हणजे मंडई, बँक अशा जवळच्याच फेऱ्या. अशा फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, ऑइलमधली वाफ उडून जात नाही, डिस्कवर गंज धरतो, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना जागच्या जागी रुतून बसतात. रोज बाणेर ते मगरपट्टा करणारी, वेळच्या वेळी काम झालेली लाखभर किलोमीटरची गाडी ब्रेकच्या बाबतीत हिच्यापेक्षा सरस निघू शकते. बाजारात मात्र "सिंगल हँड, कमी रनिंग" या चार शब्दांचेच पैसे जास्त लागतात.

तुमच्या पाचांतल्या दोन तक्रारी निस्तरेपर्यंत गाडी पार्किंगमधून बाहेर काढू नका: पेट्रोलचा वास आणि मऊ पेडल. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या.

वासाचं आधी सांगतो, कारण ते शोधणं तुलनेने सोपं आहे. टाकी भरल्यावरच वास येतो आणि निम्मी झाली की जातो, म्हणजे गळती टाकीच्या वरच्या भागात आहे. तिथे तीन जागा बघायच्या: पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारी जाड रबरी नळी, तिच्या शेजारची बारीक ब्रीदर नळी, आणि पेट्रोल पंपाच्या झाकणाखालची रबरी रिंग. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटचा बसायचा भाग उचलला की पत्र्याचं छोटं झाकण दिसतं, त्याखाली पंप असतो. झाकणाभोवतीची धूळ कोरडी राखाडी हवी. ती काळपट, चिकट, ओलसर दिसली तर रिंग गेली. रिंग जुनीच पुन्हा बसवायची नाही. एकदा दाबली गेलेली आणि पेट्रोलने फुगलेली रिंग दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

टाकी निम्मी असतानाही वास येत असेल तर बॉनेट उघडा. इंजेक्शनच्या गाड्यांत इंजेक्टर रेलपर्यंत येणारं पेट्रोल साधारण ३ बार दाबाने येतं. तिथला तडा म्हणजे थेंब नव्हे, फवारा असतो, आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो. होस बदलताना फ्युएल इंजेक्शनसाठीचाच घ्या, त्यावर तसं छापलेलं असतं. साधा मीटरवर मिळणारा पेट्रोल पाइप कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठीचा, तो इथे चालत नाही. शिवाय पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१२ च्या गाडीचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. बदलताना इथेनॉलला टिकणारे मागा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभ्या गाडीत उंदरांनी होस कुरतडणं हाही रोजचाच प्रकार. तंबाखूची पानं ठेवून फारसं काही साधत नाही. गाडी दर दोन-तीन दिवसांनी हलली तर उंदीर घर करत नाही.

आता ब्रेक. इथे जरा वेळ घालवू, कारण तुमच्या दोन तक्रारी, मऊ पेडल आणि डावीकडची ओढ, एकमेकींत गुंतल्या आहेत.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. रबरी होसमधून आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या झाकणातून ओल हळूहळू शिरत राहते, गाडी चालो न चालो. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. ऑइलमध्ये ३.७ टक्के पाणी असताना हेच आकडे १४० आणि १५५ धरले जातात. टॉप गिअरमध्ये, ब्रेक घासत पसरणी उतरलं तर कॅलिपरपाशी तेवढी उष्णता होणं अवघड नाही. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं आणि पिस्टन जागचा हलत नाही. वाईत थांबलात तेवढ्यात वाफेचं पाणी झालं, पेडल वर आलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मेकॅनिकला काही सापडलं नाही, यात त्याची चूक नाही. "मग ठीक आहे" म्हणून गाडी परत दिली, ही चूक.

ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. या गाडीत ते बहुधा एकदाही बदललेलं नाही, फक्त वरून भरलेलं आहे. टाकीत बघा: नवं ऑइल फिकट मधासारखं दिसतं, जुनं काळ्या चहासारखं. सगळं बदलायला छोट्या गाडीला एक लिटर पुरतं. सीलबंद बाटली आणा; गॅरेजच्या फळीवरची अर्धी उघडी बाटली नको. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय, डॉट ३ किंवा डॉट ४, तेच घाला. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ वेगळं, सिलिकॉनचं असतं; ते यात मिसळायचं नाही.

काम करताना चार गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवा. आधी टाकीतलं काळं ऑइल सिरिंजने काढून नवं भरायचं आणि मगच चाकांजवळचे ऑइल सोडायचे निपल खोलायचे, नाहीतर तीच घाण सगळ्या लाइनमधून फिरते. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा मुख्य सिलिंडर) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. टाकीतली पातळी 'मिन'च्या खाली जाऊ द्यायची नाही, हवा शिरली की पहिल्यापासून काम. आणि चौथी गोष्ट अनेक जण विसरतात: जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत मारत हवा काढायची नाही. एरवी मास्टर सिलिंडरचा पिस्टन नळीच्या सुरुवातीच्या भागातच फिरत असतो, पुढच्या भागात बारा-तेरा वर्षांचा गंज आणि गाळ बसलेला असतो. पेडल तळाला नेलं की सील त्या खरबरीत भागावरून जातं आणि फाटतं. मग "ऑइल बदललं आणि ब्रेक बिघडले" अशी तक्रार घेऊन माणूस येतो. अर्धं पेडल, सावकाश, किंवा पेडलखाली लाकडाचा ठोकळा.

ऑइल बदलून झालं की इंजिन चालू ठेवून पेडलवर मध्यम दाब देऊन अर्धा मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि कुठे गळती दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचं सील आतल्या आत ऑइल सोडतंय. हा भाग नवाच घ्या. किट टाकून गंजलेली नळी वाचत नाही. बूस्टरचीही (पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा डबा) परीक्षा तिथेच करता येते: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारा म्हणजे ते कडक होईल, मग दाबून धरूनच स्टार्टर मारा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर, त्याचा व्हॅक्यूम पाइप किंवा त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह.

डावीकडच्या ओढीबद्दल नेहमी उलटा विचार होतो. गाडी जिकडे ओढते तिकडचा ब्रेक खराब, असं समजून डावीकडचे पॅड बदलले जातात. गाडी ज्या चाकाचा ब्रेक जास्त लागतो तिकडे ओढते. म्हणजे एकतर डावा कॅलिपर सुटत नाहीये किंवा उजवा लागतच नाहीये, आणि दुसरी शक्यता कमी चाललेल्या गाडीत बरीच असते. शोधायला सोपी रीत: ऑइलचं काम झाल्यावर सकाळी रिकाम्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर, शक्यतो ब्रेक न वापरता चालवा, थांबा आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, डिस्कला हात लावायचा नाही, भाजेल. जे चाक जास्त गरम, त्याचे पॅड चिकटून राहिलेत. मग पाच-सहा वेळा जोरात ब्रेक मारून पुन्हा बघा. आता जे चाक तुलनेने थंड, ते कामच करत नाहीये. सोसायटीतला कोणी लेझर थर्मामीटरवाला असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

चाक काढल्यावर कॅलिपरच्या दोन सरकत्या पिना हाताने मागेपुढे झाल्या पाहिजेत. पक्कड घ्यावी लागली म्हणजे तिथेच दुखणं आहे. पिना काढून, गंज बारीक पॉलिश पेपरने घासून, रबरी बूट नवे घालून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. इथे गॅरेजमध्ये हमखास होणारी गोष्ट म्हणजे डब्यातलं पिवळं-तांबडं बेअरिंग ग्रीस लावणं. ते पेट्रोलियमचं असतं, त्याने ब्रेकचं रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिना पुन्हा जाम.

पिना मोकळ्या असूनही चाक अडकत असेल तर होसवर संशय घ्या. होस बाहेरून ठणठणीत दिसतो, आतलं अस्तर फुगून भोक बारीक होतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत यायला वाट मिळत नाही. गाडी जॅकवर घेऊन खाली घोडी (जॅक स्टँड) लावा, ब्रेक दाबून सोडा, चाक हाताने फिरवा. अडकलेलं असेल तर कॅलिपरचा निपल पाव फेरा सैल करा. थोडं ऑइल उडून चाक सुटलं, तर दाब मागे अडकला होता: होस किंवा मास्टर सिलिंडर. नाही सुटलं, तर कॅलिपरचा पिस्टन गंजून रुतलाय. होस बदलायचे तर दोन्ही बाजूंचे बदलायचे. एका बाजूचा नवा, एका बाजूचा जुना ठेवला की ओढ राहतेच, फक्त दिशा बदलते. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. व्हर्नियरने मोजा, त्याच्या खाली असेल तर लेथवर घासून घेण्यात अर्थ नाही.

मागच्या ड्रमकडे कोणी बघत नाही, कारण ड्रम काढायला हातोडा लागतो. ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या टोकाने हलकेच उचला. आत ओल म्हणजे गळती सुरू. लायनरवर ऑइल चढलं असेल तर लायनर धुऊन वापरायचा नाही, फेकायचा. जुन्या लायनरचं अस्तर पत्र्यापासून सुटतं तेही इथेच दिसेल.

घाट उतरण्याबद्दल एकच गोष्ट, कारण पुण्यात ती जिवावर बेतते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी बदनाम आहे आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं हे तिथल्या अपघातांमागचं जुनं कारण. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं हा समज इंजेक्शनच्या गाडीत खोटा आहे. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला लागतं तेवढं जळत राहतं. आणि इंजिनच बंद केलं तर बूस्टरमध्ये जेमतेम दोन-तीन ब्रेक पुरतील एवढाच व्हॅक्यूम उरतो. ज्या गिअरमध्ये तो घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

टायर. ३८ हजार किमी झाल्यावर नक्षी भरपूर उरलेली असते आणि तिथेच माणूस फसतो. टायरच्या बाजूवर डॉट अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. ते फक्त एका बाजूला असतात, त्यामुळे कधी कधी गाडीखाली वाकून आतली बाजू बघावी लागते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासायचे, सहा-सातला बदलायचा विचार करायचा, आणि दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही असो, काढायचाच. नखाने दाबून बघा: जुनं रबर प्लास्टिकसारखं कडक लागतं, खोबणीच्या तळाशी आणि बाजूला बारीक भेगा दिसतात. पहिल्या पावसात तेलकट रस्त्यावर हा टायर पकडच घेत नाही. उन्हात द्रुतगती मार्गावर, हवा थोडी कमी, चार माणसं आणि सामान असताना तो फुटतो. मग "टायर फुटून अपघात" अशी बातमी येते. टायर बदलताना व्हॉल्व्हही नवे घ्या. तेही रबरच आहे. स्टेपनी विसरू नका, ती बहुतेक २०१२ चीच असेल. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. नायट्रोजन भरला म्हणून दाब तपासणं चुकत नाही.

थरथर नेमकी कधी होते ते आधी ठरवा. ब्रेक न मारता ८०-९० ला होते आणि १०० ला कमी होते, तर बॅलन्सिंग, वाकडं रिम किंवा उभं राहून एका जागी चपटा झालेला टायर. फक्त ब्रेक मारल्यावर होते, तर डिस्क. ॲक्सिलरेटर दाबल्यावर होते आणि सोडला की थांबते, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट. तुमच्या वर्णनात पहिली बसते, म्हणून टायर बदलल्याशिवाय बॅलन्सिंगवर पैसे घालू नका. चपट्या टायरला शिसं लावून गोल करता येत नाही. नवे टायर बसवताना हबच्या तोंडावरचा गंज वायर ब्रशने साफ करायला सांगा आणि नट एअर गनने आवळू देऊ नका. शेवटचा फेर टॉर्क पान्याने, आडव्या-उभ्या क्रमाने. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. गनने कमी-जास्त आवळले की डिस्क तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेकला थरथर सुरू होते.

याच खेपेला लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुश आणि बॉल जॉइंट बघून घ्या. बुशच्या रबराला भेग वरवरची असेल तर चालेल, रबर धातूपासून सुटलं असेल तर नाही. बॉल जॉइंटचा बूट फाटला असेल आणि आत पाणी गेलं असेल तर आवाज यायची वाट बघू नका. हा जॉइंट निखळला की चाक आडवं पडतं. लिंक रॉडची खडखड मात्र त्रासदायक असली तरी घातक नाही. पैसे कमी असतील तर ते काम पुढे ढकला.

आता एअरबॅगचा दिवा, आणि इथे तुमच्या गाडीचा सहकारनगरचा पत्ता महत्त्वाचा ठरतो.

किल्ली ऑनवर फिरवली की हा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटूनच राहिला तर यंत्रणेत दोष आहे आणि अपघातात बॅग उघडेल याची खात्री नाही. मुळात पेटतच नसेल तर ते आणखी वाईट. कोणीतरी बल्ब काढलाय किंवा दिवा दुसऱ्या दिव्याला जोडलाय. तुमचा दिवा निदान प्रामाणिक आहे. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही अधूनमधून दगा देत असतील तर स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे गुंडाळलेली पट्टीसारखी वायर, तुटली आहे. ती दुरुस्त करत नाहीत, नवी बसवतात. दुसरी नेहमीची जागा पुढच्या सीटखालचा पिवळा कनेक्टर: सीटखाली छत्री, पाण्याची बाटली कोंबताना तो ढिला होतो. पिवळ्या वायरला मल्टिमीटर लावायचा नाही, मीटरचा करंटसुद्धा इन्फ्लेटर (बॅग फुगवणारा भाग) उडवू शकतो. आधी स्कॅनरवर कोड वाचून घ्या. साधे स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात, एअरबॅगचे वाचणारा हवा. कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं. जुन्या बाजारातून सुटी एअरबॅग आणून बसवू नका; ती कुठल्या गाडीतून, कशी निघाली हे कोणी सांगू शकत नाही.

पण कोड एअरबॅगच्या कंट्रोल युनिटचाच निघाला, तर पुढे जाण्याआधी पुराची तपासणी करा. हे युनिट गिअर लिव्हरच्या आसपास, फरशीला चिकटून असतं. गाडीत पाणी शिरलं की ते सुरुवातीलाच भिजतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर, पद्मावती भागात शेकडो गाड्या पाण्यात गेल्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तेच झालं. यातल्या बऱ्याच गाड्या धुऊन, सुकवून पुन्हा रस्त्यावर आल्या असणार. म्हणून: सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला मातीची आडवी रेघ आहे का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्प्रिंग गंजलेल्या आहेत का बघा. सीट कव्हर नवं असतं, स्प्रिंग जुनीच असते. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून खालचं जाड कापडी अस्तर दाबा. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, डॅशखालच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर. यातल्या दोन-तीन खुणा जुळल्या तर दुरुस्तीचा हिशेब करूच नका. पुरातल्या गाडीचं वायरिंग एक दोष काढला की दुसरा दाखवतं, आणि ब्रेकचं एबीएस युनिटही (चाक जाम होऊ न देणारं) त्यातच येतं.

बेल्ट ओढतच आहात तर झटका देऊनही बघा, लगेच लॉक झाले पाहिजेत. सोडल्यावर स्वतःहून परत गेले पाहिजेत. मागच्या सीटचे बेल्ट बहुधा कव्हरखाली गाडलेले असतील, ते बाहेर काढा. बेल्टवरच्या लेबलवर बनवल्याची तारीख असते. गाडी २०१२ ची आणि पुढचा बेल्ट २०१७ चा असेल, तर मधल्या काळात काहीतरी मोठं घडलंय.

गाडी होंडाची असेल तर आणखी एक काम आजच करा. टकाटा कंपनीचे एअरबॅग इन्फ्लेटर उष्णता आणि दमटपणाने आतून बिघडतात आणि फुटताना धातूचे तुकडे उडवतात. यासाठी होंडाने भारतात जुन्या सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड गाड्या परत बोलावल्या होत्या. कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकला की काम राहिलंय का ते कळतं, आणि रिकॉलचं काम फुकट होतं, मालक कितवाही असो. इतर कंपन्यांच्या गाड्यांचंही असंच तपासून घ्या.

बाकीचं भराभर. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल तर किलोमीटर न बघता बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. पाच वर्षांवरचा बेल्ट तुटला की अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. चेन असेल तर ही काळजी नाही, वेळेवर ऑइल मात्र हवं. रेडिएटरमध्ये बोअरचं किंवा टँकरचं पाणी भरलेलं असणं पुण्यात अगदी शक्य आहे. त्या जड पाण्याने आत क्षार बसतात. फ्लश करून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा, आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे का विचारा. "गाडी गरम होते" म्हटलं की तो काढून टाकायची पद्धत आहे; मग इंजिन कधीच पुरेसं तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. हेडलाइट मंद असतील तर आधी पिवळ्या पडलेल्या काचा आणि अर्थिंग बघा. एच४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो, त्यासाठीच वायर आहे. १०० वॉटचा घातला की दीडपटीहून जास्त करंट जातो, होल्डर वितळतो. बॅटरी इंजिन बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.५ हवी. कमी व्होल्टेजला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग अचानक जड होतं आणि लोक स्टिअरिंग बदलायला निघतात.

पार्ट नाना पेठेतून आणलेत तरी चालतील, फक्त ब्रेकचे पॅड, होस आणि बॉल जॉइंट बिलावर, पार्ट नंबरासह घ्या. एसी, पॉलिश, म्युझिक, नवी सीट कव्हरं यांचे पैसे तोपर्यंत बाजूला ठेवा.

खालच्या पत्र्याचं: गाडी लिफ्टवर घेऊन पुढचा सबफ्रेम, लोअर आर्म बसतात त्या जागा, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि दारांखालचे उंबरे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरवरचा तांबूस गंज घासून रंगवता येतो. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर गाडी विका आणि घेणाऱ्याला तसं सांगून विका. पुण्यातली गाडी सहसा इतकी गंजत नाही, पण ती आधी काही वर्षं रत्नागिरी-अलिबागकडे होती का, हे आरसीवरून आणि जुन्या विमा कागदांवरून कळेल.

कागदांत एवढं बघा. आरसी आणि विमा दोन्ही तुमच्या नावावर झालेत ना. विमा १४ दिवसांत बदलून घ्यायचा असतो, नुसती आरसी बदलून भागत नाही. २०१२ ची नोंदणी म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं होतील. त्यानंतर गाडी भंगारात जाते हा दिल्ली परिसराचा नियम ऐकून झालेला गैरसमज आहे. महाराष्ट्रात तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क ५,००० रुपये झालं, पर्यावरण कर वेगळा. तपासणीत ब्रेक, दिवे, टायर, पीयूसी बघतात, म्हणजे वरची कामं तशीही करावीच लागणार आहेत. पुढच्या घाटाआधी केलीत तर बरं.